'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स': कोण कुणाशी कसं बोलतं?

शाल्मली

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' बहुतेकांनी गोष्टीसाठी वाचलेली असते. केंटच्या दलदलीतला अनाथ पिप, दफनभूमीत गाठ पडलेला पळपुटा कैदी, लग्नाच्या पोशाखातच म्हातारी झालेली मिस हॅविशम, तिनं वाढवलेली एस्टेला आणि पिपच्या पदरात अचानक पडलेला कुणा अज्ञात दात्याचा पैसा. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी ती डिकन्सच्याच 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात ३६ हप्त्यांत आली. दर आठवड्याला 'पुढं काय?' ही ओढ लावणं भागच होतं. पण मला या कादंबरीचं बळ दुसरीकडंच वाटतं. इथं कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, कुणासमोर कुणाची जीभ अडखळते, याकडं कान दिला की पिपचं चढणं आणि घसरणं तिथंच ऐकू येतं.

माझ्यासाठी सत्ताविसावं प्रकरण हा या पुस्तकाचा गाभा आहे. पिप लंडनला बार्नार्ड्स इनमध्ये राहतोय, साहेब झालाय, हाताखाली पोऱ्या ठेवलाय. ज्यानं त्याला मायेनं वाढवलं तो बहिणीचा नवरा, जो गार्जरी लोहार, भेटीला येणार आहे. जोला लिहिता येत नाही म्हणून पत्र गावातली बिडी नावाची मुलगी लिहिते. मायना असतो 'माय डिअर मिस्टर पिप'. ज्या बिडीनं त्याला अक्षरं गिरवायला मदत केली, तिच्यासाठी तो आता 'मिस्टर' आहे. खाली ताजा कलम: 'व्हॉट लार्क्स' एवढं लिहाच, पिपला कळेल, असं जोनं बजावून सांगितलंय. हे त्या दोघांचं जुनं बोलणं, 'काय धमाल येईल रे' अशा चालीचं. मग बिडी आणखी एक वाक्य घालते: तुम्ही मोठे झालात तरी त्यांची भेट तुम्हाला आवडेल, तुमचं मन पहिल्यापासून चांगलं आहे आणि ते फार फार भले आहेत. आणि लगेच सांगते, हे शेवटचं तेवढं सोडून बाकी सगळं मी त्यांना वाचून दाखवलंय.

काय लिहिलंय हे! पिप लाजणार हे बिडीनं आधीच ओळखलंय. तिनं त्याला टोचलंय आणि जोला ते लागू दिलेलं नाही. बिडी कशी आहे हे सांगायला डिकन्सनं एक विशेषणही खर्च केलेलं नाही.

पिपला काय वाटतं? पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी खुशाल पैसे दिले असते, असं तो स्वतःच सांगतो.

मग जो येतो. जिन्यावर जड बूट वाजतात. दारावर रंगवलेल्या नावाच्या अक्षरांवरून फिरणारं त्याचं बोट आत पिपला ऐकू येतं, पाठोपाठ किल्लीच्या भोकातून श्वास. आत आल्यावर हॅट कुठं ठेवावी कळत नाही. ती शेकोटीच्या फळीच्या कोपऱ्यावरून पुन्हापुन्हा घसरते आणि जो पुन्हापुन्हा झेलतो. बोलणंही तसंच, घटकेत 'पिप', घटकेत 'सर'. दोघंच उरल्यावर पिप विचारतो, 'जो, तू मला सर कसं म्हणतोस?' जो क्षणभर नुसता बघतो. त्या बघण्यात किंचित ठपका असतो.

निरोप घेताना मात्र त्याची गाडी आपोआप रुळावर येते. लोहाराच्याच भाषेत तो म्हणतो की आयुष्य म्हणजे एकमेकांना जोडत नेलेल्या ताटातुटीच. कुणी लोहार असतो, कुणी सोनार, कुणी तांबट, तेव्हा असे भेद पडणारच. चूक असलीच तर आजची माझी. हे कपडे मला शोभत नाहीत. भट्टीपाशी, हातात हातोडा असताना मला आठव, मग माझ्यात एवढं खटकणार नाही. या सगळ्या बोलण्यात 'सर' उरलेलं नाही, 'ओल्ड चॅप' परत आलंय. दोष माझाच होता, मी मोकळा वागलो असतो तर जोही मोकळा झाला असता, असा निवाडा म्हातारपणीचा पिप त्याच प्रकरणात देतो. पण तो येण्याआधीच आपल्या कानांनी निकाल ऐकलेला असतो.

आता सत्तावन्नावं प्रकरण बघा. पिप कर्जात बुडालाय, तापानं फणफणलाय, जो त्याची सेवा करतोय. आजारात पुन्हा 'डिअर ओल्ड पिप, ओल्ड चॅप'. पिप बरा होऊ लागतो तसा जो मागं सरकू लागतो. एकदा पिप म्हणतो, बघ, मी चांगला चालू शकतो. जोचं उत्तर 'पिप' या हाकेनं सुरू होतं आणि 'सर'वर संपतं. एका वाक्यात अख्खं नातं उलटं फिरतं. पिपला तो शब्द खुपतो, पण बोलायला तोंड कुठं आहे?

तुम्हाला यातला कुठला माणूस त्याच्या बोलण्यातून सापडला? सविस्तर लिहा, मला वाचायचंय.

नदीकाठ

शाल्मली, धागा फार आवडला. मी वकिलीत आहे, त्यामुळं माझा माणूस अर्थातच लंडनचा वकील जॅगर्स.

त्याचं बोलणं म्हणजे अखंड उलटतपासणी. समोरच्यावर बोट रोखायचं, ते बोट चावायचं, होकार द्यायचा नाही, नकार द्यायचा नाही. अशील गेला की सुगंधी साबणानं हात धुवायचे. लोक त्याला एकाच तऱ्हेचं पात्र समजतात, पण एक्कावन्नाव्या प्रकरणात डिकन्स त्याच सवयीतून त्याचं काळीज उघडं करतो. एस्टेलाचे आईबाप कोण हे पिपला कळलंय आणि त्याला खरं काय ते हवंय. जॅगर्स म्हणतो, मी एक प्रकरण मांडतो, पण लक्षात ठेव, मी काहीही कबूल करत नाही. मग दर वाक्याला 'असं धरून चाल': असं धरून चाल की त्या वकिलाला मुलं दिसायची ती नाशासाठीच जन्माला घातल्यासारखी. तुरुंगात खितपत पडलेली, फटके खाणारी, शेवटी फाशी जाणारी. आणि असं धरून चाल की त्या ढिगातली एक गोड पोर वाचवता येण्यासारखी होती.

दयाबुद्धीची कबुली देणंही ज्याला परवडत नाही, तो ती गृहीतकाच्या आडून देतो. पेशानं दिलेली भाषा इतकी अंगात मुरलेली असते हे मी रोज बघते. त्या 'असं धरून चाल'च्या मांडणीत 'मी' असं एकदाही न म्हणता तो आयुष्यातलं सर्वांत चांगलं कृत्य सांगून टाकतो. डिकन्स तरुणपणी वकिलाच्या कचेरीत कारकून होता, पुढं न्यायालयात लघुलेखन करायचा. हे बोलणं त्यानं प्रत्यक्ष ऐकलेलं आहे, बसून रचलेलं नाही.

त्याचा कारकून वेमिकही तसाच. मित्रासाठी पैसे घालावेत का, असं पिप कचेरीत विचारतो, तर वेमिक लंडनचे सहा पूल मोजून दाखवतो आणि म्हणतो, आवडेल तो निवडा आणि पैसे तिथून नदीत टाका. हेच तुमचं मत का? या कचेरीत हेच. वॉलवर्थला घरी या, तिथलं मत वेगळं मिळेल. आणि घरी खरंच वेगळं मिळतं. तोच वेमिक पिपला त्या मित्रासाठी, हर्बर्टसाठी, गुपचूप व्यवस्था करून देतो.

पारिजात_

जोचं बोलणं म्हटलं की मला पाचवं प्रकरण आठवतं. पकडलेला कैदी लोहाराच्या घरातलं खाणं मीच चोरलं असं सांगून पिपला वाचवतो. जो त्याला म्हणतो, खा बाबा, तू काय केलंयस ते आम्हाला ठाऊक नाही, पण म्हणून तू उपाशी मरावंस असं आम्हाला वाटणार नाही. आणि शेवटी वळून: 'हो ना रे, पिप?' इंग्रजीतलं व्याकरण साफ चुकलेलं, आणि पुस्तकभर इतकं सरळ वाक्य दुसरं नाही.

अवधूत१२

चर्चा चांगली चाललीय, पण एक मुद्दा सगळेच टाळतायत. पिप स्वतः कसा बोलतो?

पोरगा भट्टीच्या घरात वाढलाय. बहीण तोंडाळ, जो निरक्षर, शाळा म्हणजे गावातल्या वॉप्सलच्या आत्येआजीची संध्याकाळची डुलकी. तरी पहिल्याच प्रकरणात कैद्यानं मागं कलंडवून धरल्यावर हा सात वर्षांचा मुलगा काय म्हणतो? कृपा करून मला सरळ राहू द्याल तर कदाचित मला मळमळणार नाही आणि तुमच्या बोलण्याकडं अधिक लक्ष देता येईल. वाक्यरचना निर्दोष! कैदी 'व'चा उच्चार बदलून 'व्हिटल्स'चं 'विटल्स' करतो, जोचं प्रत्येक वाक्य वेडंवाकडं, आणि पिप सुरुवातीपासून प्रमाण भाषेत. सातव्या प्रकरणात तो पाटीवर जोसाठी पत्र लिहितो तेव्हा मात्र एकेक शब्द चुकीचा. म्हणजे हात अडाणी, तोंड सुशिक्षित.

नायकाचं बोलणं शुद्ध ठेवायचं आणि बोलीभाषा दुय्यम पात्रांच्या वाट्याला द्यायची, ही त्या काळच्या कादंबरीची रीतच होती. पण मग बोलीचा आणि भलेपणाचा असा सांधा जुळतो की गरीब माणूस चुकीचं बोलला की चांगला. जो मला आवडतो, पण त्याला पुस्तकभर एकही वाईट विचार सुचत नाही. माणसापेक्षा पुतळा जास्त वाटतो.

शाल्मली

अवधूत, पाटीचा मुद्दा अगदी नेमका आहे. पण ही सगळी गोष्ट मोठा झालेला पिप सांगतोय, हे विसरून चालणार नाही. जोची प्रत्येक चूक तो जशीच्या तशी नोंदवतो आणि स्वतःचं बालपणीचं बोलणं मात्र इस्त्री करून ठेवतो. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य आपल्या बोलण्याची लाज बाळगण्यात गेलं, त्याच्या लेखणीनं असं करणं मला स्वाभाविक वाटतं.

जो पुतळा आहे हे मला पटत नाही. सातव्याच प्रकरणात तो आपल्या बापाबद्दल बोलतो. बाप दारू पिऊन त्याला आणि आईला मारायचा, ती दोघं पळून गेली की शोधून परत आणायचा, त्यात जोचं शिकणं राहिलं. तरी बापाच्या थडग्यावर घालायला त्यानं मनाशी दोन ओळी जुळवल्या, की तो मनानं चांगला होता. दगडावर कोरून घ्यायला पैसे नव्हते, ते आईला लागणार होते. बायकोसमोर तो गप्प का बसतो याचं कारणही तिथंच सांगतो: आईचे हाल बघितलेत, बाईमाणसाच्या बाबतीत चुकायचंच असेल तर दुसऱ्या बाजूनं चुकलेलं बरं. पण त्या गप्प बसण्याची किंमत पिप चुकवतो, पोराला मार बसत राहतो. हा दोष डिकन्सनं झाकलेला नाही, आणि तो जोलाही कळतो.

अवधूत१२

बापाचा भाग चांगला आठवण करून दिलात, मार खाणाऱ्या पोराचा मुद्दा मान्य. पण इस्त्रीचा युक्तिवाद टिकत नाही. डिकन्सचाच ऑलिव्हर ट्विस्ट वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाला जुंपणाऱ्या घरात, जन्मला आणि तसल्याच आश्रयावर वाढला, तोही शुद्धच बोलतो, आणि ती गोष्ट ऑलिव्हर सांगत नाही. डिकन्सची सवयच होती ती. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये ती सवय विषयाला साजून गेली इतकंच मी म्हणेन.

मृद्गंध

सगळ्या लाजेचं मूळ एका शब्दात आहे आणि तो शब्द एस्टेलाचा. आठव्या प्रकरणात दोघं पत्ते खेळतात. ती कुत्सितपणे म्हणते, हा मुलगा नेव्हना जॅक म्हणतो! दोन्ही नावं गुलामाचीच, पण बड्या घरात 'नेव्ह' म्हणायचं असतं. त्याच दमात त्याचे खरबरीत हात आणि जाड बूट निघतात. तोवर आपल्या हातांबद्दल त्याला काही वाटलेलं नसतं. घरी जाताना तो मनाशी पाढा वाचतो: मी सामान्य मजुराचा पोर, माझे हात खरबरीत, माझे बूट जाड, मी गुलामाला जॅक म्हणतो. म्हणजे एस्टेला त्याला एका दुपारी नवी नजर देते आणि ती पुढं कित्येक वर्षं निघत नाही.

एस्टेलावर आरोप होतो की ती थंड बाहुली आहे, लेखकाला जमली नाही. मला वाटतं, तिचं बोलणं ऐकलं की उलट दिसतं. बाकी सगळ्यांच्या बोलण्याला लकबी आहेत, हिच्या बोलण्याला लकबच नाही. सपाट, स्वच्छ, कोरडं. मोठी झाल्यावर ती पिपला सांगते, आपल्याला निवड नाही, तुला आणि मला, सांगितलंय तसंच वागायचं. त्यातला 'तुला आणि मला' किती जवळचा आहे! सबंध लंडनमध्ये तिला आपल्यासारखा दिसतो तो हाच एक, आणि त्याला ते कळतही नाही, तो आपला प्रेमात.

आणि अडतिसाव्या प्रकरणातलं शेकोटीपुढचं भांडण. मिस हॅविशम म्हणते, तू दगड आहेस. एस्टेला आवाज न चढवता म्हणते, तुम्ही घडवलंत तशी मी आहे. कौतुक सगळं तुमचं, दोष सगळा तुमचा, यश तुमचं, अपयश तुमचं. थोडक्यात, मला घ्या. म्हातारी रडते, आक्रोश करते, आणि मुलगी हिशोब मांडावा तसं बोलते. ती शिकवणच तशी झालीय. मला तिथं कायम एस्टेलाचीच दया येते.

शेवटाबद्दल: डिकन्सनं आधी लिहिलेला शेवट वेगळा होता. पिकॅडिलीत पिपबरोबर जो-बिडीचा छोटा मुलगा असतो, एस्टेला बग्गीतून भेटते, मूल पिपचंच आहे असं समजते आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. मित्र बुल्वर-लिटनच्या सांगण्यावरून त्यानं तो बदलला. मला जुनाच आवडतो. तिच्या चेहऱ्यातून, आवाजातून, स्पर्शातून पिपला कळतं की दुःखानं मिस हॅविशमच्या शिकवणीवर मात केलीय. आवाजावरून कळतं! शाल्मलीच्या धाग्याला हा शेवट जास्त शोभतो.

केतकी_वन

मिसेस जोबद्दल, म्हणजे पिपच्या बहिणीबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पहिल्या भागात सर्वांत मोठा आवाज तिचा. 'स्वतःच्या हातानं वाढवलाय' हे तिचं पालुपद, आणि पिप निरागसपणे म्हणतो की तिचा हात जड असल्यानं मला ते चटकन पटायचं. हल्ल्यात डोक्याला मार बसून तीच बाई वाचा गमावून बसते. मग ती पाटीवर इंग्रजी टीसारखी एक खूण काढत राहते आणि कुणालाच तिचा अर्थ लागत नाही. तो हातोडा असावा हे पिपच्या लक्षात येतं, पण हातोडा म्हणजे भट्टीतला गडी ऑर्लिक हे ओळखते बिडी. मरताना ती तीनच शब्द बोलते: जो, माफी, पिप. आयुष्यभर शब्दांचा मारा करणाऱ्या बाईला लेखकानं अखेर इतके मोजके शब्द दिले. तिच्या तोंडाळपणावर हसणाऱ्यांनी पस्तिसावं प्रकरण पुन्हा वाचावं.

रानवाटा

मॅग्विचशिवाय, म्हणजे दफनभूमीतल्या त्या कैद्याशिवाय, हा धागा अपुरा राहील.

बेचाळिसाव्या प्रकरणात तो आपली जन्मकहाणी सुरू करतो: तुरुंगात, तुरुंगाबाहेर, तुरुंगात, तुरुंगाबाहेर, तुरुंगात, तुरुंगाबाहेर. झाली कहाणी. मग म्हणतो, मला सगळं काही करून झालंय, फाशी तेवढी राहिली. साहित्यात आत्मचरित्रं पुष्कळ आहेत, पण इतकं थोडक्यात आणि इतकं पूर्ण मी वाचलेलं नाही.

मला मात्र त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचं ऐकणं जास्त हलवून जातं. हद्दपार होऊन ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून त्यानं पैसा केला आणि पिपला सद्गृहस्थ बनवलं. तिकडच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी हिणवलं की तो मनाशी म्हणायचा, मी सद्गृहस्थ नसेन, मला विद्या नसेल, पण तसा एक माझ्या मालकीचा आहे. लंडनला आल्यावर तो पिपला परकीय भाषेतलं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावतो. त्याला एक अक्षर कळत नाही. शेकोटीपुढं उभा राहून तो प्रदर्शन मांडणाऱ्याच्या ऐटीत पिपकडं बघत राहतो. विकत घेतलेली भाषा वाजवून बघणं चाललंय! पिपला त्याची शिसारी येते. पण खोलात गेलं तर मॅग्विचनं उघडपणे केलं तेच पिपनं मनात केलेलं असतं. शुद्ध बोलणं म्हणजे मोठेपण, हे दोघांनीही खरं मानलेलं.

आता छपन्नावं प्रकरण. मॅग्विच तुरुंगात मरणपंथाला लागलाय, पैसा सरकारजमा होणार हे पिपला माहीत आहे. तो रोज जाऊन बसतो, आणि लिहितो की त्यानं जे ऐकायला हवं ते त्याच्याशी बोलणं आणि त्याला वाचून दाखवणं हे माझं पहिलं कर्तव्य झालं. वाचणारा तोच, ऐकणारा तोच. आता वाचलेलं ऐकणाऱ्यासाठी आहे. एकाही टीकाकारानं सांगण्याआधी ही जोडी माझ्या लक्षात आली होती आणि तेव्हापासून डिकन्सच्या बांधणीवर माझा पुरा विश्वास आहे.

अवधूत, तुम्ही म्हणता तशी सवयीनं लिहिलेली ही भाषा मला वाटत नाही.

शाल्मली

रानवाटा, वाचनाच्या या दोन प्रसंगांची जोडी मी कधी लावली नव्हती. आज रात्री दोन्ही प्रकरणं काढून वाचणार.

मृद्गंधच्या पत्त्यांच्या प्रसंगाला जोडून एक लिहायचं होतं. बोलण्या-वागण्यातली चूक एस्टेला दाखवते, तशीच हर्बर्ट पॉकेटही दाखवतो. लंडनमधल्या पहिल्या जेवणात तो पिपला मिस हॅविशमची कहाणी सांगतोय आणि मध्येच, सूर न बदलता, सांगून जातो की इकडं सुरी तोंडात घालायची पद्धत नाही, अपघात होऊ नयेत म्हणून. लगेच गोष्ट पुढं. काट्याबद्दलही त्याच दमात, मग थोड्या वेळानं प्याला नाकावर पालथा करून रिकामा करण्याबद्दल. पिप आभार मानत जातो, ऐकत जातो, शिकत जातो. शिकवण तीच, पण इथं कुणाचा पाणउतारा होत नाही. आणि जेवायला बसायच्या आधीच त्यानं पिपला नवं नाव दिलेलं असतं, हॅन्डल. फिलिप हे पिपचं खरं नाव त्याला बालबोध पुस्तकातल्या गुणी मुलासारखं वाटतं, आणि 'हार्मोनियस ब्लॅकस्मिथ' (सुरेल लोहार) ही संगीतकार हॅन्डलची रचना प्रसिद्ध. तू लोहार होतास, आपले सूरही जुळतात, मग चालेल का हे नाव? ज्या गोष्टीची पिपला सर्वांत जास्त लाज, तीच हर्बर्टनं लाडाचं नाव करून टाकली. पुढं सबंध पुस्तकभर तो त्याला याच नावानं हाक मारतो.

अवधूत, बिडीवर तुम्ही वेगळा धागा काढाच. तिचं बोलणं प्रमाण भाषेच्या जवळ जातं, कारण ती स्वतः शिकत जाते, आणि तरी ती कुणालाही कमी लेखत नाही. तुमच्या 'चुकीचं बोलणारा तो चांगला' या सूत्रात ती कुठं बसते, हे मला वाचायचंय.